नुसतं पडून राहून केलेल्या एमआरआयवरून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची ताकद कळते का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. बहिणीचं वय ३१. गेल्या वर्षभरात दोनदा उजव्या हाताची ताकद काही मिनिटांसाठी गेली आणि परत आली. अँजिओग्राफीत मोयामोया (मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा आजार) निघाला, दोन्ही बाजूंना, डावीकडे जास्त. सर्जननी बायपासचा, म्हणजे रक्ताला नवी वाट करून देणाऱ्या ऑपरेशनचा, विषय काढलाय आणि त्याआधी असेटाझोलामाइडचं इंजेक्शन देऊन स्पेक्ट (रक्तप्रवाह दाखवणारा किरणोत्सर्गी औषधाचा) स्कॅन करायला सांगितलाय. तिला पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगावर पुरळ आलं होतं आणि हे इंजेक्शनही सल्फाच्या नात्यातलं, म्हणून घरचे धास्तावलेत. तेवढ्यात तुम्ही कुठेतरी वाचलंत की 'रेस्टिंग स्टेट' एमआरआयमध्ये इंजेक्शन लागत नाही, गॅस लागत नाही, दहा मिनिटं शांत पडून राहिलं की रक्तवाहिन्यांचं काम आणि ऑक्सिजनचा वापर दोन्ही कळतं. मग तोच का करू नये, असं तुम्ही विचारताय.

खरं तर यात दोन प्रश्न एकत्र आलेत. रक्तवाहिन्यांमध्ये अजून रुंदावायची ताकद शिल्लक आहे का, हा एक. आणि मेंदूच्या त्या भागाला मिळणारा ऑक्सिजन पुरतोय का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रेस्टिंग स्कॅनमधून बऱ्यापैकी मिळतं, पण तुलनेच्या स्वरूपात. दुसऱ्याचं उत्तर त्या स्कॅनमधून थेट मिळत नाही, त्यासाठी वेगळी मोजमापं जोडावी लागतात. तुमच्या वाचनात ही दोन्ही एका वाक्यात आली असावीत आणि गोंधळ तिथूनच झाला.

मी परळच्या बाजूला न्यूरोरेडिओलॉजी करते आणि मोयामोयाचे स्कॅन वाचणं हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. तुमच्या बहिणीच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही यावर मी इथे बोलणार नाही. कुठलं मोजमाप काय सांगू शकतं आणि कुठे फसवतं, एवढं नीट सांगते. ते कळलं की सर्जनशी बोलताना तुम्हालाच सोपं जाईल.

आधी 'रिझर्व्ह' म्हणजे काय ते बघू. गळ्यातून मेंदूत जाणारी मुख्य धमनी अरुंद झाली की पुढचा दाब कमी होतो. मेंदूतल्या बारीक धमन्या मग स्वतःहून रुंदावतात आणि प्रवाह टिकवून धरतात. आपल्याकडे पालिकेच्या पाण्याचा दाब कमी झाला की आपण नळ आणखी सोडतो आणि बादली तेवढ्याच वेळात भरते, तसंच हे. अडचण येते ती नळ पूर्ण सोडून झाल्यावर. दाब त्याहून खाली गेला की मग बादली भरत नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच तपासायचंय: डाव्या बाजूच्या धमन्या आधीच पूर्ण रुंदावून बसल्यात का? साध्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही, कारण आत्ता या क्षणी प्रवाह ठीक असू शकतो. म्हणून धमन्यांना मुद्दाम रुंदावायला लावायचं आणि कोण रुंदावतं, कोण नाही ते बघायचं, ही या सगळ्या चाचण्यांमागची कल्पना. तुम्हाला सांगितलेलं इंजेक्शन तेच करतं.

इंजेक्शनऐवजी कार्बन डायऑक्साइडही हे काम करतो. रक्तात तो वाढला की मेंदूच्या धमन्या रुंदावतात. पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा मास्कमधून दिली तर श्वासातली त्याची पातळी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्यावरून आठ-दहा मिलिमीटरने वर जाते. त्या वेळी एमआरआय चालू ठेवला तर मेंदूच्या ज्या भागात रक्त वाढलं तिथला सिग्नल वाढतो. श्वास रोखून धरूनही असंच करता येतं, फक्त त्यात पेशंटचं सहकार्य पूर्ण लागतं.

सिग्नल का वाढतो? ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकक्षेत्रात वेगळं वागतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे १९३६ मध्येच दाखवलं होतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्याच गुणधर्मावरून मेंदूची चित्रं घेता येतात हे दाखवलं आणि 'बोल्ड' (रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असलेल्या सिग्नलच्या) इमेजिंगची सुरुवात झाली. रक्ताचा प्रवाह वाढला की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन शिरांमधून धुऊन निघतं आणि त्या जागी सिग्नल थोडा वर येतो. 'थोडा' हा शब्द लक्षात ठेवा. तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर, मेंदूच्या करड्या भागात, एक मिलिमीटर कार्बन डायऑक्साइडमागे ही वाढ सुमारे ०.२ ते ०.३ टक्के असते.

आता रेस्टिंग स्कॅनकडे येऊ. आपण शांत पडलेलो असतो तेव्हाही श्वास एकसारखा चालत नाही. कधी थोडा उथळ, कधी खोल, मध्येच एखादा उसासा. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड स्वतःहून एक-दोन मिलिमीटर वर-खाली होत राहतो, आणि त्याच्या मागोमाग मेंदूचा बोल्ड सिग्नलही हलतो. रिचर्ड वाइज आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे संबंध मोजून दाखवले. म्हणजे बाहेरून गॅस द्यायची गरज नाही, शरीर स्वतःच हलकासा गॅस देत असतं. त्या नैसर्गिक लाटेला मेंदूचा कुठला भाग किती साथ देतो ते पाहिलं की धमन्यांच्या प्रतिसादाचा नकाशा मिळतो.

ज्यांनी भरत बिस्वाल यांच्या १९९५ च्या कामापासून पुढे आलेलं रेस्टिंग स्टेटचं संशोधन वाचलंय, त्यांना इथे एक गोष्ट विचित्र वाटेल. मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी बोलतात हे शोधणारे लोक सगळ्या मेंदूत एकदम दिसणारा हा चढउतार अडथळा समजून काढून टाकतात. आम्हाला नेमका तोच हवा असतो. म्हणून 'आमच्याकडे रेस्टिंग स्टेट होतं' असं एखाद्या सेंटरने सांगितलं तरी तेवढ्यावर खूश होऊ नका. तोच डेटा कनेक्टिव्हिटीच्या पद्धतीने प्रोसेस केला तर तुमच्या कामाचा भाग आधीच पुसला गेलेला असतो. पेईंग लिऊ, हॅन्झांग लू आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बिनगॅसची पद्धत नीट मांडली, आणि त्यात मोयामोयाचे पेशंटही होते. त्यांनी ०.०२ ते ०.०४ हर्ट्झ या पट्ट्यातला सिग्नल वापरला. या पट्ट्यात गॅस देऊन काढलेल्या नकाशाशी सगळ्यात चांगली जुळणी मिळते.

हा आकडा जरा उलगडून बघण्यासारखा आहे, कारण अर्ध्या अडचणी त्यात दडल्यात. ०.०२ ते ०.०४ हर्ट्झ म्हणजे २५ ते ५० सेकंदांची एक लाट. दहा मिनिटांचा स्कॅन, दर दोन सेकंदांना मेंदूचं एक चित्र, म्हणजे ३०० चित्रं आणि त्यात जेमतेम १२ ते २४ लाटा. प्रत्येक लाटेत सिग्नल हलतो तो साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी. आणि मशीनची स्वतःची खरखर, नाडीचे ठोके, डोक्याची हालचाल हे सगळं मिळून एकेका बिंदूवर तेवढाच किंवा त्याहून जास्त गोंगाट करतं. त्यामुळे पाच मिनिटांत उरकलेला रेस्टिंग स्कॅन मी या कामासाठी गंभीरपणे घेत नाही. पेशंट दर मिनिटाला डोकं हलवत असेल तर दहा मिनिटांचाही घेत नाही. गॅसच्या चाचणीत धक्का आठ-दहा मिलिमीटरचा असतो, इथे एक-दोनचा. एवढ्या हलक्या धक्क्यावरून निष्कर्ष काढायचा तर डेटा स्वच्छच लागतो.

दुसरी गोष्ट तुमच्या बहिणीसाठी जास्त महत्त्वाची आहे, कारण तिचा आजार दोन्ही बाजूंना आहे. रेस्टिंग स्कॅनमध्ये बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजलेलाच नसतो. सगळ्या मेंदूच्या सरासरी सिग्नललाच त्याच्या जागी धरतात. त्यामुळे 'एक मिलिमीटरमागे इतके टक्के' असा खरा आकडा मिळत नाही. सरासरीला १ धरून प्रत्येक भाग तिच्या किती पट आहे एवढंच कळतं. समजा डावीकडे ०.६ आलं, उजवीकडे ०.९ आणि लहान मेंदूत १.३. आता समजा तिच्या सगळ्या मेंदूतला प्रतिसाद निम्म्यावर आला. तिन्ही आकडे तेच राहतील! नकाशा बघून कुणाला कळणार नाही की सगळंच खाली गेलंय. एकाच बाजूची कॅरोटिड (गळ्यातली मुख्य धमनी) बंद असलेल्या पेशंटमध्ये निरोगी बाजू शेजारीच असते, म्हणून ही पद्धत तिथे छान चालते. दोन्ही बाजूंच्या मोयामोयात ती शेजारीण नसते. अशा वेळी मी लहान मेंदूला आधार धरायला सांगते, कारण मागच्या धमन्या या आजारात बऱ्याचदा वाचलेल्या असतात. 'बऱ्याचदा', नेहमी नाही. तिच्या अँजिओग्राफीत पोस्टेरिअर सेरेब्रल, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाच्या, धमन्या कशा आहेत ते आधी बघायला हवं.

तिसरी अडचण उशिराची, आणि चुकीचे रिपोर्ट मला सर्वांत जास्त इथेच दिसतात. मोयामोयात रक्त सरळ रस्त्याने न येता बारीक वळणावळणाच्या वाटांनी येतं, त्यामुळे प्रतिसादही काही सेकंद मागे पडतो. आता ३० सेकंदांची लाट डोळ्यासमोर आणा. एखादा भाग साडेसात सेकंद मागे असेल तर बाकी मेंदूचा सिग्नल शिखरावर असताना हा भाग मध्यावर असतो, आणि सरळ तुलना करणारं सॉफ्टवेअर म्हणतं, इथे प्रतिसाद शून्य. उशीर पंधरा सेकंदांचा असेल तर बाकी मेंदू शिखरावर आणि हा भाग तळाशी. सॉफ्टवेअर म्हणतं, इथे प्रतिसाद उलटा. नकाशावर तो भाग निळा दिसतो आणि रिपोर्टमध्ये 'स्टील' असं लिहून येतं, म्हणजे शेजारच्या धमन्या रुंदावल्यामुळे इथलं रक्त तिकडे ओढलं गेलं. खरं स्टील ही काळजीची गोष्ट आहे आणि ऑपरेशनच्या निर्णयात तिला वजन असतं. पण नुसता उशीर म्हणजे स्टील नव्हे. त्या भागातल्या धमन्या उशिरा का होईना, रुंदावत असू शकतात.

म्हणून प्रत्येक बिंदूसाठी उशीर वेगळा शोधून, तेवढं सरकवून, मग प्रतिसादाची उंची मोजावी लागते. असं केलं की एकाऐवजी दोन नकाशे हातात येतात: किती आणि किती उशिरा. माझ्या अनुभवात मोयामोयात दुसरा नकाशा पहिल्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त बोलका असतो. गॅसच्या चाचणीत कार्बन डायऑक्साइड मिनिटभर वर ठेवलेला असतो, त्यामुळे पंधरा सेकंद मागे असलेला भागही शेवटी वर येताना दिसतो आणि स्टील की उशीर हा गुंता बराच सुटतो. रेस्टिंगच्या छोट्या लाटांमध्ये तो तितका स्वच्छ सुटत नाही.

बाकीच्या फसव्या जागा भरभर सांगते. मोठ्या शिरांजवळ सिग्नल उगाच जोरदार दिसतो, तो धमन्यांच्या ताकदीचा पुरावा नव्हे. पांढऱ्या भागात सिग्नल मुळातच कमी आणि उशिरा येतो. दातांना तारा असतील किंवा पूर्वी रक्तस्राव झालेला असेल तर आजूबाजूचा भाग विरूपित होतो. पेशंटला झोप लागली की श्वासाची लय बदलते आणि रेस्टिंग सिग्नलचा चेहराच बदलतो. भुलीचं औषध दिलेलं असेल तर तो स्कॅन जागेपणीच्या स्कॅनशी ताडून बघूच नये, कारण भुलीची काही औषधं स्वतःच मेंदूच्या धमन्या रुंद करतात.

इथवरचा सारांश असा: रेस्टिंग स्कॅनमधून रक्तवाहिन्यांच्या रिझर्व्हचा तुलनात्मक नकाशा आणि उशिराचा नकाशा मिळू शकतो; खरा आकडा मिळत नाही; आणि दोन्ही बाजूंच्या आजारात तो एकटा पुरत नाही.

आता ऑक्सिजन. इथे हिशेब अगदी शाळेतल्या गणितासारखा आहे आणि तो स्वतः करून बघण्याजोगा आहे. अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये सांगितलेलं तत्त्व: आत आलेला ऑक्सिजन वजा बाहेर गेलेला ऑक्सिजन म्हणजे वापरलेला. मोठ्या माणसाच्या मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त जातं. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे ५० मिलिलिटरमध्ये १०. धमनीतलं रक्त ९८ टक्के भरलेलं येतं, मोठ्या शिरेतून ६४ टक्के भरलेलं परत जातं. फरक ३४ टक्के. दहाचे ३४ टक्के म्हणजे मिनिटाला ३.४ मिलिलिटर, दर १०० ग्रॅममागे. आलेल्या ऑक्सिजनपैकी मेंदूने साधारण ३५ टक्के काढून घेतला. हा दुसरा आकडा आम्हाला फार महत्त्वाचा. धमन्या पूर्ण रुंदावूनही रक्त कमी पडायला लागलं की मेंदूची शेवटची सोय हीच उरते: येणाऱ्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घ्यायचा. हा आकडा वाढलेला दिसला तर रिझर्व्ह संपून पुढची पायरी सुरू झाली असं समजतो.

या हिशेबातले सगळे आकडे इंजेक्शनशिवाय मिळू शकतात. मानेतल्या चार धमन्यांचा प्रवाह फेज कॉन्ट्रास्ट एमआरआयने मोजता येतो. डोक्याच्या वरच्या मोठ्या शिरेतलं रक्त किती भरलेलं आहे ते 'ट्रस्ट' नावाच्या सिक्वेन्सने कळतं, जो लू आणि गे यांनी २००८ मध्ये मांडला. धमनीचा आकडा बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरून. दोन्ही स्कॅन मिळून काही मिनिटांचं काम आहे, आणि रेस्टिंग स्कॅनला जोडून एकाच बैठकीत होतं. तुम्ही वाचलेलं 'दोन्ही कळतं' बहुधा अशाच जोडणीबद्दल असेल.

पण हे उत्तर पूर्ण मेंदूचं सरासरी उत्तर आहे. मोठ्या शिरेत डावीकडचं, उजवीकडचं, चांगल्या-वाईट सगळ्या भागांचं रक्त मिसळून येतं. डाव्या बाजूचा एक पट्टा धापा टाकत असला तरी सरासरी ३७ टक्के येऊन सगळं आलबेल वाटू शकतं. भागवार ऑक्सिजनचा नकाशा एमआरआयवरून काढायच्या पद्धती आहेत, त्यावर चांगलं संशोधन चालू आहे, पण त्या प्रत्येकीत रक्ताच्या प्रमाणाबद्दल आणि शिरांच्या रचनेबद्दल काहीतरी गृहीत धरावं लागतं, आणि मोयामोयात नेमकी तीच गृहीतकं डळमळीत होतात. एका पेशंटचं ऑपरेशन ठरवताना मी एकट्या त्या आकड्यांवर भार टाकणार नाही.

भागवार ऑक्सिजनसाठी प्रमाण मानलेली चाचणी म्हणजे ऑक्सिजन-१५ हा किरणोत्सर्गी ऑक्सिजन वापरून केलेला पीईटी स्कॅन. ऑक्सिजन-१५ चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, दोन मिनिटं. मुंबईत पीईटी नवीन नाही, देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सर्गी पदार्थ बनवणारं यंत्र) २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच बसला. पण कॅन्सरसाठी रोज वापरतात त्या एफडीजीचं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे, ते गाडीतून दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवता येतं. ऑक्सिजन-१५ परळहून दादरला पोचेपर्यंतच बहुतेक संपेल. सायक्लोट्रॉनच्या शेजारीच स्कॅनर आणि त्यासाठीची सगळी व्यवस्था असेल तरच तो होतो, म्हणून त्याच्या शोधात वेळ घालवू नका.

त्याऐवजी तिच्या आधीच झालेल्या एमआरआयची सीडी काढा. त्यात 'एसडब्ल्यूआय' नावाची चित्रं बहुधा असतील. ऑक्सिजन जास्त ओढला गेला की शिरांमधलं रक्त जास्त काळं दिसतं, आणि मोयामोयात आजारी बाजूला मेंदूच्या आतल्या बारीक शिरा ब्रशच्या केसांसारख्या ठळक उमटतात. त्याला आम्ही 'ब्रश साइन'च म्हणतो. दुसरी खूण फ्लेअर चित्रांवर: मेंदूच्या घड्यांमधून वेलीसारख्या पांढऱ्या रेषा दिसतात, 'आयव्ही साइन'. तिथे पृष्ठभागावरच्या धमन्यांतून रक्त फार हळू वाहतंय. या दोन्ही खुणा आकडा देत नाहीत, पण जवळपास प्रत्येक सेंटरच्या मशीनवर त्या दिसतात, वेगळं काही करावं लागत नाही. रिपोर्टमध्ये उल्लेख नसेल तर रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा. आम्ही गर्दीत रिपोर्ट करतो, विचारल्यावर परत नीट बघतो.

हिमोग्लोबिनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बायकांमध्ये ते कमी असणं फार सर्रास आहे आणि या आजारात ते परवडत नाही. वरचाच हिशेब हिमोग्लोबिन १० धरून करा. १०० मिलिलिटर रक्तात आता १३.४ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, ५० मिलिलिटरमध्ये ६.७. मेंदूला तेवढेच ३.४ हवे असतील तर एकतर आलेल्यातला निम्म्याहून जास्त ओढावा लागेल, नाहीतर प्रवाह वाढवावा लागेल. निरोगी मेंदू प्रवाह वाढवतो, म्हणजेच धमन्या रुंदावतो. तुमच्या बहिणीच्या डाव्या बाजूला रुंदावायला जागाच कमी आहे. हिमोग्लोबिनची कमतरता तिथलं उरलंसुरलं रिझर्व्ह खाऊन टाकते. शिवाय ट्रस्टचा आकडा काढतानाही रक्तातल्या पेशींचं प्रमाण भरावं लागतं, आणि चुकीचं भरलं तर उत्तरच चुकतं. म्हणून ताजा सीबीसी करून घ्या आणि तो स्कॅनच्या दिवशी सोबत न्या. तुमचं घराणं सिकलसेल आढळणाऱ्या पट्ट्यातलं असेल, म्हणजे विदर्भ, नंदुरबार, पालघरचा आदिवासी भाग वगैरे, तर तेही सांगा. सिकलसेलमध्ये मोयामोयासारखंच चित्र होऊ शकतं आणि त्या रक्तासाठी ट्रस्टचं गणित वेगळं असतं.

आकडा वाईट आला म्हणजे ऑपरेशनने फायदा होणारच, असंही धरून चालू नका. अमेरिकेत कॅरोटिड पूर्ण बंद झालेल्या पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आला. पीईटीवर ऑक्सिजन जास्त ओढला जातोय असे पेशंट निवडून निम्म्यांची बायपास केली. दोन वर्षांत स्ट्रोकचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांमध्ये २१ टक्के आणि फक्त औषधवाल्यांमध्ये २२.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. पहिल्या ३० दिवसांत तर ऑपरेशनवाल्यांमध्ये स्ट्रोक कितीतरी जास्त झाले, १४.४ टक्के विरुद्ध २ टक्के. तो आजार धमनी कठीण होण्याचा होता, मोयामोयाचा नव्हता, म्हणून तो निकाल तुमच्या बहिणीला जसाच्या तसा लावू नका. मोयामोयात, विशेषतः वारंवार लक्षणं येत असतील तर, बायपासचं स्थान वेगळं आहे. मी हे एवढ्यासाठी सांगितलं की मोजमाप आणि उपचाराचा निर्णय यांच्यात सर्जनचा अनुभव, तिची लक्षणं, अँजिओग्राफी हे सगळं येतं.

मग तुम्ही काय करावं? पहिलं, सल्फाच्या गोळीने नेमकं काय झालं होतं ते सर्जनना आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना सविस्तर सांगा. साधं पुरळ होतं की तोंड-ओठ सुजले, श्वास लागला, कातडी सोलली? सल्फा अँटिबायोटिकची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला असेटाझोलामाइड बाधतंच असं नसतं, दोन्हींची रचना वेगळी आहे. पण आधीची रिॲक्शन गंभीर असेल तर डॉक्टर ते टाळतील आणि टाळायलाच हवं. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तोही सांगा.

इंजेक्शन द्यायचं नाही असं ठरलं, तर मी सर्जनना असं सुचवेन: तीन टेस्लाच्या मशीनवर, श्वासातला कार्बन डायऑक्साइड नाकाच्या नळीने मोजत, दहा मिनिटांचा रेस्टिंग स्कॅन, आणि त्याला जोडून चार-पाच वेळा पंधरा-वीस सेकंद श्वास रोखण्याचा भाग. श्वास रोखल्याने लाट मोठी होते आणि वर सांगितलेला गोंगाटाचा प्रश्न खूप कमी होतो. तिला बोललेलं समजतं, हात-पाय चालतात, म्हणजे तिला हे जमेल. मात्र जोरजोरात, भरभर श्वास घ्यायला लावणारी पद्धत मोयामोयात नको. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, धमन्या आवळतात आणि लक्षणं येऊ शकतात. त्याच बैठकीत एएसएलने (इंजेक्शनशिवाय, धमनीतल्या रक्तालाच चुंबकाने खूण करणारा एमआरआय) रक्तप्रवाहाचं चित्र घ्यावं, पण रक्त उशिरा पोचतं हे लक्षात ठेवून, खूण केल्यापासून चित्र घेईपर्यंत थांबण्याचा वेळ जास्त ठेवून.

इंजेक्शन चालणार असेल, तर सर्जननी सांगितलेला स्पेक्टच करा. ते त्या चाचणीवर वर्षानुवर्षं निर्णय घेत आलेत, तिचे आकडे त्यांच्या सवयीचे आहेत. आणि रेस्टिंग स्कॅन तरीही करून ठेवा, कारण त्याचा खरा उपयोग मला पुढे दिसतो. उद्या बायपास झाली तर तीन महिन्यांनी, वर्षाने, पुन्हा पुन्हा बघावं लागेल. दर वेळी इंजेक्शन आणि किरणोत्सर्ग नको. तोच मेंदू, तेच मशीन, तोच सिक्वेन्स, आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवला की डाव्या बाजूचा उशीर कमी झाला का ते स्वच्छ दिसतं. तुलनात्मक पद्धतीची ताकद अशा तुलनेतच आहे. मशीन बदललं की हा फायदा बराचसा जातो, म्हणून सेंटर एकदाच नीट ठरवा.

सेंटर ठरवताना मशीनची चौकशी कमी आणि माणसांची जास्त करा. तीन टेस्लाची मशीन शहरात बरीच आहेत. रेस्टिंग डेटावरून रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद काढणारं सॉफ्टवेअर मात्र मशीनवर बटण दाबून मिळत नाही, ते कुणीतरी बसून करावं लागतं. फोनवर एवढं विचारा: प्रतिसादाच्या नकाशासोबत उशिराचा नकाशा देता का, तुलनेसाठी कुठला भाग धरता, आणि मूळ डायकॉम डेटा (मशीनमधून आलेली मूळ चित्रं) सीडीवर मिळेल का. पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर आलं नाही तर तिथे हा स्कॅन करण्यात अर्थ नाही. मोठ्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागात विचारा, तिथे या विषयावर काम करणारं कुणी भेटण्याची शक्यता जास्त.

स्कॅनच्या दिवशी चहा-कॉफी सकाळपासून नको, कॅफीनने मेंदूच्या धमन्या आवळतात आणि नकाशा बदलतो. सिगारेटचा धूरही नको. पाणी मात्र भरपूर प्यायचं. या स्कॅनसाठी उपाशी राहावं लागत नाही, आणि मोयामोयात शरीर कोरडं पडू देणं धोक्याचं आहे, म्हणून नवरात्र असो की श्रावण, निर्जळी उपवास तिला करू देऊ नका. चालू गोळ्या, ॲस्पिरिन धरून, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. लोकलच्या गर्दीतून धावत येऊन लगेच मशीनमध्ये जाऊ नका, अर्धा तास बसून श्वास शांत होऊ द्या. आत डोळे उघडे ठेवायला सांगा, झोप लागू देऊ नका. मशीनच्या आवाजाने ती घाबरत असेल तर आधी एकदा नुसतं आत जाऊन यायची विनंती करा, झोपेचं औषध मागू नका.

आणि हे सगळं जुळवताना हात पुन्हा गळाला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर स्कॅनच्या तारखेपर्यंत थांबू नका. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा की मोयामोया आहे.